थेंब जिथे पडतो



गेल्या काही अंकांत या सदरातून आपण नामनिर्देशन, संयुक्त खाते, तारण आणि जामीनकी या विषयांचा परामर्श घेतला. आज मी आपणांस आमच्या घरामागील गोदामात नेणार आहे. तेथे १९६८ सालची एक अँबॅसेडर मोटार उभी आहे. तिच्या इंजिनातून तेल का गळत असे आणि ती ऐन रस्त्यात बंद का पडत असे, याचा उलगडा मला गेल्या वर्षी झाला. त्यासोबत सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी एका कारागिरावर केलेल्या अन्यायाचाही हिशेब निघाला. बँकेत असताना दुसऱ्यांच्या वह्यांतील चुका मी लाल शाईने दाखवीत असे. ही चूक माझ्या स्वतःच्या वहीतील आहे.

भंडारा हे पितळेचे गाव. आमची पेढीही पितळी भांड्यांची. गुंड, घागरी, पराती, लोटे असा माल तुमसर, साकोली, गोंदिया येथील बाजारांत जात असे. बाबूजींनी मोटार घ्यायचे ठरविले तेव्हा निवड करण्यासारख्या गाड्या मोजक्याच होत्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट घ्यावी, असे काकांचे मत होते. आपल्या समाजातील माणसाने उभारलेला कारखाना, हा त्यांचा अभिमानाचा मुद्दा. परंतु बाबूजी व्यवहारी. डिकीत किती पराती मावतील हे पाहून त्यांनी अँबॅसेडरसाठी नंबर लावला आणि बऱ्याच प्रतीक्षेनंतर ती आमच्या दारी आली.

गाडीने पुष्कळ वर्षे इमानाने चाकरी केली. पुढे मात्र तिला दोन दुखणी जडली. पहिले दुखणे तेलगळतीचे. रात्री गाडी उभी केली की सकाळी फरशीवर काळे तळे साचलेले असे. भांड्यांच्या व्यापाऱ्याचे घर, तेव्हा गाडीखाली एक पितळी परात सरकविण्यात आली आणि ती पुन्हा कधीही स्वयंपाकघरात घेतली जाणार नाही, असे आईने त्याच दिवशी जाहीर केले. दुसरे दुखणे अधिक त्रासाचे. थंड असताना गाडी एका सेल्फमध्ये सुरू होई. पंचवीस-तीस किलोमीटर धावून इंजिन तापले की ठसके देत बंद पडे. अर्धा-पाऊण तास थांबले की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागे.

१९९० च्या मे महिन्यात बाबूजींच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी नागपूरला नेण्यास सांगितले. भंडारा ते नागपूर अंतर सुमारे साठ किलोमीटर. मौद्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. भर दुपारची वेळ, रस्त्यावर डांबर वितळलेले. बाबूजींना कडुनिंबाच्या सावलीत बसवून मी तासभर येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांना हात दाखवीत राहिलो. अखेर एका ट्रकचालकाने आम्हांस नागपूरला पोहोचविले. बाबूजी त्या दुखण्यातून वाचले. पुढे सहा वर्षे ते आमच्यात होते. पण त्या एका तासातील त्यांचा घामेजलेला चेहरा मी विसरू शकलो नाही आणि त्या भीतीचे रूपांतर माझ्या मनात रागात झाले. त्या रागाला कोणीतरी धनी हवा होता. तो मला मिळाला आमच्या मिस्त्रींच्या रूपाने.

मिस्त्रींचे गॅरेज महामार्गालगत, चिंचेच्या झाडाखाली टिनाच्या शेडमध्ये होते. बाजारातील निम्म्याहून अधिक पेढ्यांच्या गाड्या त्यांच्याकडे जात. मी त्या वेळी जिल्ह्यातील एका शाखेत अधिकारी होतो आणि घरातील गाडीच्या खर्चाची वही मीच ठेवीत असे. त्या वहीत दोन वर्षांत टॅपेट कव्हरचे पॅकिंग तीनदा, चेंबरचे पॅकिंग दोनदा, टायमिंग कव्हरचे पॅकिंग एकदा, पॉइंट चारदा आणि प्लग दोनदा बदलल्याच्या नोंदी होत्या. एवढा खर्च होऊनही परातीत तेल तेवढेच. तपासनिसाच्या दृष्टीने याचा अर्थ एकच होता: हा माणूस एक तर अडाणी आहे किंवा लबाड.

नागपूरहून परतल्यावर मी त्यांना जाब विचारला. त्यांनी शांतपणे सांगितले, “भाऊ, पॅकिंगचा दोष नाही. तुम्ही म्हणता म्हणून मी बदलून देतो. इंजिनाचा दम कोंडते. मॅनिफोल्ड उतरवून, बाजूचं झाकण खोलून नळी साफ करा लागते. मंग तेलही थांबन आणि पॉइंटही खराब होनार नाहीत.” मजुरी आणि सामान मिळून त्यांनी एकशे वीस रुपये सांगितले. मला ते ऐकून हसू आले. तेलगळती आणि गाडी बंद पडणे यांचे मूळ एकच, हे म्हणणे मला नळ गळतो म्हणून दिवा विझतो असे सांगण्यासारखे वाटले. मी ते काम करू दिले नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होते. परंतु बाजारातील चार-पाच पेढ्यांवर बसून मी बोलून गेलो की, मिस्त्री नुसती पॅकिंगे बदलून पैसे काढतात. बँकेतील माणसाचे हिशेबाविषयीचे बोलणे लोक खरे धरतात. एकेक करून गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. तीन वर्षांनी मिस्त्रींनी शेड मोडली आणि ते तुमसरला मुलाकडे निघून गेले.

आमची गाडी मी मोठ्या शहरातील एका गॅरेजमध्ये नेऊ लागलो. तेथे खर्च तिप्पट झाला, पावत्या छापील मिळू लागल्या आणि परातीतील तेल होते तेवढेच राहिले. पुढे घरात नव्या गाड्या आल्या. अँबॅसेडर गोदामात गेली आणि दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी बाहेर काढण्यापुरती उरली.

गेल्या वर्षी इंग्लंडमधील लेस्टर येथून माझ्या भाच्याचा फोन आला. तो अभियंता आहे आणि त्याने हौसेने १९५७ सालची एमजीए ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार विकत घेतली होती. आज आपल्या रस्त्यांवर एमजी नावाच्या ज्या गाड्या दिसतात त्यांचे नाव तेच असले तरी त्या नावाची मालकी आता चिनी कंपनीकडे आहे. मूळ एमजी म्हणजे ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचे अपत्य; कारखाना जवळच्याच ॲबिंग्डन गावी. एमजीए हे मॉडेल १९५५ ते १९६२ या काळात एक लाखाहून अधिक संख्येने तयार झाले आणि त्यांतील बहुतेक गाड्या परदेशी, विशेषतः अमेरिकेत गेल्या.

भाचा म्हणाला, “मामा, गाडी दिसायला देखणी आहे, पण रोज रात्री तिच्याखाली पुठ्ठा घालावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधून तेल गळते. पॅकिंग दोनदा बदलले. शिवाय गरम झाली की बंद पडते.” मी क्षणभर गप्प झालो. मग त्याला इंजिन किती सीसीचे, असे विचारले. उत्तर आले, “१४८९.” आमच्या अँबॅसेडरच्या पुस्तिकेतही हाच आकडा आहे.

हा योगायोग नव्हता. मॉरिस आणि ऑस्टिन या दोन इंग्रजी कंपन्या १९५२ मध्ये एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन निर्माण झाली. तिचे ‘बी सिरीज’ नावाचे इंजिन घरगुती मोटारींत बसविले जाई आणि थोडे सुधारून, दोन कार्बोरेटर जोडून, स्पोर्ट्‌स कारमध्येही. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून अँबॅसेडर घडविली. तिला १९५९ च्या सुमारास हेच १४८९ सीसीचे इंजिन मिळाले. उत्तरपाड्यातील अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ च्या मे महिन्यात थांबले. म्हणजे पराती वाहून नेणारी आमची गाडी आणि लेस्टरमधील ती लाल एमजीए या एकाच घराण्यातील चुलत बहिणी होत्या. दुखणीही घराण्याचीच निघाली.

भाच्याने जुनी कार्यशाळा-पुस्तके चाळली होती. त्याने मला दूरध्वनीवरच समजावून सांगितले आणि एमकॉम झालेल्या माणसाला जेवढे कळावे तेवढे मला कळले. ते वाचकांसाठी सोप्या शब्दांत मांडतो.

इंजिनाच्या मागच्या बाजूस क्रँकशाफ्ट बाहेर येऊन फ्लायव्हीलला जोडला जातो. आजच्या गाड्यांत त्या ठिकाणी रबरी ओठाचे सील असते. या जुन्या इंजिनात असे सील नाहीच. तेथे शाफ्टवर मळसूत्रासारखी खाच कोरलेली असते. शाफ्ट फिरू लागला की ती खाच बाहेर येऊ पाहणारे तेल आत ढकलते. रचना साधी आणि टिकाऊ आहे, परंतु तिला एक अट आहे: इंजिनाच्या पोटातील हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढता कामा नये. इंजिन बंद झाल्यावर थोडे थेंब पडणार, हे तर निर्मात्यांनीही गृहीत धरले होते; म्हणूनच क्लचच्या घराच्या तळाशी एक छिद्र ठेवून त्यात सैल स्प्लिट पिन अडकविलेली असते, जेणेकरून छिद्र बुजू नये आणि तेल क्लच प्लेटवर न जाता खाली पडावे.

आता दाब कसा वाढतो ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली इंजिनाच्या पोटात उतरतो. रिंगा झिजल्या की तो अधिक उतरतो. त्याला बाहेर पडण्यासाठी वाटा दिलेल्या असतात: टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारा रबरी पाइप आणि इंजिनाच्या बाजूच्या झाकणातून खाली उतरणारी लोखंडी नळी. हीच इंजिनाची श्वासनलिका. कारागीर तिला ब्रीदर म्हणतात. गाडी रोज घर ते दुकान एवढीच धावत असेल तर इंजिन पुरते तापत नाही, आतील वाफ तेलात मिसळते आणि त्याचा काळा गाळ नळीत साचत जातो. नळी बुजली की कोंडलेला वायू मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. आपण एका ठिकाणचे पॅकिंग बदलले की तो दुसरे ठिकाण शोधतो. मागच्या मळसूत्री खाचेचे तर बोलायलाच नको. तेथे बदलण्यासारखे काही नसतेच.

दुसऱ्या दुखण्याचा धागाही येथेच जुळतो. डिस्ट्रिब्युटरची दांडी थेट इंजिनाच्या पोटात उतरलेली असते. तिचे बूश झिजलेले असेल आणि आत दाब असेल, तर तेलाची वाफ त्या दांडीवाटे वर चढून पॉइंटांवर बसते. पॉइंट म्हणजे लहानसे दोन धातूचे ठिपके. ते उघडले की कॉइलमधील बारा व्होल्टच्या प्रवाहाचे हजारो व्होल्टच्या ठिणगीत रूपांतर होते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर पॉइंट मिनिटाला सहा हजार वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उघडतात. त्यांवर तेलाचा पातळ थर आला की तो जळून काळा होतो आणि ठिणगी क्षीण होते. त्यात कंडेन्सर अशक्त असेल तर तो थंड असताना काम देतो आणि तापला की हात टेकतो. वैशाखातला महामार्ग त्याला तापविण्यास पुरेसा असतो.

हे सर्व ऐकताना मला मिस्त्रींचे शब्द आठवले: इंजिनाचा दम कोंडते. मी फोन ठेवला, माळ्यावरची ट्रंक उतरविली आणि १९९० ची खर्चवही काढली. जून महिन्याच्या पानावर माझ्याच अक्षरात नोंद होती: ‘ब्रीदर नळी साफ करणे, मॅनिफोल्ड व साइड कव्हर खोलून, अंदाजे रु. १२०.’ त्यापुढे लाल शाईत एकच शब्द होता: ‘नामंजूर’.

दुसऱ्या आठवड्यात एका तरुण कारागिराला बोलावून मी ते काम करवून घेतले. मॅनिफोल्ड उतरवून झाकण काढले तेव्हा नळीत सळई शिरेना. आतून निघालेला गाळ डांबरासारखा घट्ट होता. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून तो खरवडावा लागला. पॉइंट काळे पडलेले होते, डिस्ट्रिब्युटरच्या दांडीला बोटाने हलविले तरी जाणवेल एवढी ढिलाई होती. बूश, पॉइंट आणि कंडेन्सर बदलला. रॅडिएटरच्या वरच्या टाकीलाही एक बारीक भेग होती. ती आमच्याच गल्लीतील भांडी झाळणाऱ्या कारागिराने झाळून दिली. पितळेच्या गावात राहण्याचा हाही एक लाभ. त्यानंतर गाडी महामार्गावर चाळीस किलोमीटर फिरवून आणली आणि रात्री तीच जुनी परात खाली ठेवली. सकाळी परातीत सात थेंब होते. मी मोजले. तिकडे लेस्टरला भाच्याचा पुठ्ठाही जवळजवळ कोरडा राहू लागला. त्याच्या गाडीच्या बंद पडण्याचे कारण मात्र थोडे निराळे निघाले: डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटांच्या पट्टीला अर्थ देणारी विणलेली बारीक तार वेष्टनाच्या आत तुटलेली होती. गाडी हादरली की ती सुटे आणि पुन्हा चिकटे.

इंग्लंडमधील हौशी लोक अशा वेळी लुकास कंपनीच्या मूळ पुरुषाला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून थट्टा करतात, कारण त्या काळच्या बहुतेक इंग्रजी गाड्यांची विजेची उपकरणे लुकासची असत. थट्टा ठीक आहे. पण भाच्याचा अनुभव असा की, पुष्कळदा दोष उपकरणात नसून साठ वर्षांच्या गंजलेल्या जोडात आणि सैल अर्थमध्ये असतो. नाव मात्र डब्यावर छापलेल्या माणसाचे खराब होते. ते ऐकताना मला स्वतःचीच आठवण झाली.

आपल्यापैकी अनेकांच्या गोदामांत, वखारींत अशा जुन्या गाड्या उभ्या असतील. भंगारवाल्याला देण्यापूर्वी काही गोष्टी जरूर कराव्यात. गळती शोधताना इंजिन आधी स्वच्छ धुऊन कोरडे करावे, त्यावर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी, थोडे चालवावे आणि मग ओली रेघ वर कोठून सुरू होते ते पाहावे. तेल उतारावर आणि वाऱ्याने मागे वाहते. थेंब जिथे पडतो तिथे उगम क्वचितच असतो. पॅकिंग मागविण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण उघडावे आणि त्या तोंडावर पातळ कागद अलगद धरावा. कागद सतत वर उडत असेल, धुराचे भपके येत असतील, तर आधी ब्रीदर पाहावा. नळी मोकळी असूनही दाब राहत असेल तर रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. तो खर्च मोठा आहे आणि तो टाळून पॅकिंगांवर खर्च करण्यात अर्थ नाही.

बंद पडण्याच्या तक्रारीत क्रम पाळावा. प्रथम बॅटरीची टोके आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थ पट्टी. मग पॉइंटांची स्वच्छता आणि फट, जी या इंजिनात फिलर गेजने सुमारे पंधरा हजारांश इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर ठेवावी, मग कंडेन्सर, मग रोटर आणि कॅप, ज्यात केसाएवढी तडा किंवा कोळशाची रेघ नसावी, मग प्लगच्या तारा, आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. पावसाळ्यात कॅपच्या आतील ओल पुसून घ्यावी. एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि तारखेसह लिहून ठेवावी, नाहीतर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. आणखी एक सूचना महत्त्वाची. आता पंपांवर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुने रबरी पाइप आणि पंपातील पडदा त्याने लवकर खराब होतात. तेल गळले तर फरशी खराब होते, पेट्रोल गळले तर घर पेटू शकते. म्हणून पाइप इथेनॉल सोसणारे बसवावेत, पेट्रोलचा वास येत असताना ठिणगीची परीक्षा करू नये आणि केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये.

कागदपत्रांविषयीही दोन शब्द. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. मी विचारान्ती विलंबशुल्क भरून जुन्याच नोंदणीचे नूतनीकरण केले. माझे एक काम शिल्लक होते आणि ते रॅलीत मोडणारे नव्हते.

बँकेत असताना एका व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते दर मार्चला मर्यादेबाहेर जाई. आम्ही दर वर्षी मर्यादा वाढवून देत असू. तिसऱ्या वर्षी एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी स्टॉकऐवजी उधारीची वही मागितली, तेव्हा समजले की अर्धी रक्कम एकाच गिऱ्हाइकाकडे चार वर्षे अडकली होती. मर्यादा वाढविणे म्हणजे पॅकिंग बदलणेच होते. हा प्रसंग मी प्रशिक्षणात नव्या अधिकाऱ्यांना किती वेळा सांगितला असेन! तोच धडा माझ्या घरच्या वहीत, माझ्याच लाल शाईखाली दडलेला असताना मला दिसला नाही. मिस्त्रींनी मला उधारीची वही पाहायला सांगितले होते आणि मी मात्र त्यांची पत बुडविली. व्यापारी कुटुंबांत पत म्हणजे काय, हे आपणांस सांगण्याची गरज नाही.

दिवाळीनंतर मी अँबॅसेडर घेऊन तुमसरला गेलो. मिस्त्री आता ऐंशी ओलांडलेले आहेत; नजर मंदावली आहे, कान मात्र शाबूत. मी दारात गाडी उभी केली तेव्हा ते ओट्यावर बसले होते. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकून मान वर केली आणि मला ओळखण्यापूर्वी गाडीला ओळखले. मी वहीचे ते पान त्यांच्यासमोर ठेवले, त्यांच्या मुलाने ते वाचून दाखविले. मी त्यांची क्षमा मागितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबूजी त्या दिवशी रस्त्यात अडकले होते, मला मालूम हाय. त्याचं मलाही वाईट वाटलं होतं, भाऊ.” एकशे वीस रुपये देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. टोपण उघडायला सांगितले आणि नळीवरून हात फिरविला.

क्षमा घरात मागितली तरी निंदा मी बाजारात केली होती. म्हणून त्यांच्या मुलाच्या संमतीने मी त्यांना गाडीत पुढच्या आसनावर बसवून भंडाऱ्यास आणले. ज्या पेढ्यांवर बसून मी बोललो होतो त्यांतील दोन आता राहिल्या नाहीत. उरलेल्या तीन ठिकाणी मी त्यांच्यासह गेलो आणि ते पान उघडून दाखविले. एका ठिकाणी गादीवर बसलेल्या नातवाला हे प्रकरण काहीच ठाऊक नव्हते, तरी त्याने उठून मिस्त्रींना खुर्ची दिली. दुसऱ्या पेढीवर म्हातारे शेटजी स्वतः होते. ते एवढेच म्हणाले, “आम्हीही विचारायला हवे होते.”

परतीच्या वाटेवर, तुमसर जवळ आले असताना, मिस्त्रींनी मला गाडी बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवण्यास सांगितले. थोडा वेळ कान देऊन ते म्हणाले, “तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट थोडा ढिला हाय. थंड्या इंजिनात नका पाहू, गरम असताना कसा.” या वेळी मी ते वहीत तेथल्या तेथे लिहून घेतले आणि पुढे ‘मंजूर’ असे लिहून सही केली.